सूड आणि प्रेम एकाच पुस्तकात हवंय, तर या तिघांतलं आधी कुठलं उचलायचं

रोमँटिक सस्पेन्स वाचायचाय, त्यात सूड पाहिजे, आणि ज्याचा काटा काढायला निघालो त्याच्यावरच जीव जडला असं काहीतरी पाहिजे, पण नुसतं गोडगोड नको, असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात तीन जुनी पुस्तकं येतात. डाफ्ने द्यू मोरियेचं 'माय कझिन रेचल', १९५१ चं. एमिली ब्राँटेचं 'वुदरिंग हाइट्स', १८४७ चं. आणि अलेक्झांडर द्युमाचं 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो', जे १८४४ ते १८४६ या काळात पॅरिसच्या पेपरात क्रमशः येत होतं. सूड तिन्हींत आहे, प्रेमही आहे, पण ते प्रेम कथेत कधी येतं आणि कुणाच्या वाट्याला येतं यात इतका फरक आहे की आपल्या मनाशी न जुळणारं आधी घेतलं तर शंभर पानांत बाजूला पडतं. शेवट कुठलाच फोडत नाही, पण 'वुदरिंग'चं अर्ध्यापर्यंतचं थोडं सांगितल्याशिवाय तुलना करताच येत नाही.

आधी रेचल, कारण वरची मागणी सगळ्यात जवळून इथेच पुरी होते. फिलिप अॅशली हा पोरका मुलगा, त्याला वाढवलं अँब्रोजने, म्हणजे नात्याने चुलत भाऊ पण वयाने आणि मायेने बापच. कॉर्नवॉलमध्ये मोठी इस्टेट, घरात एकही बाई नाही, नोकरसुद्धा सगळे पुरुष. तब्येतीसाठी अँब्रोज हिवाळ्यात इटलीला जातो, तिथे रेचल नावाच्या विधवेशी लग्न करतो, आणि मग त्याची पत्रं हळूहळू बदलायला लागतात, डोकं फुटेल असं दुखतंय, बायकोवर विश्वास उरला नाही, तू लवकर ये. फिलिप धावतपळत फ्लॉरेन्सला पोचतो तर अँब्रोज गेलेला आणि रेचल घर बंद करून निघून गेलेली. मेंदूत गाठ होती असं त्याला सांगतात. फिलिपला ते पटत नाही आणि तो तिथेच ठरवतो की या बाईला सोडायचं नाही.

आणि मग ती स्वतःच त्याच्या दारात येते. याने मनात राक्षसीण रंगवलेली, समोर उभी एक लहानखुरी, शांत, काळ्या कपड्यांतली बाई, जी चार दिवसांत घर, बाग, नोकरचाकर सगळ्यांना आपलंसं करून टाकते, आणि जाब विचारायला बसलेल्या या चोवीस वर्षांच्या पोराला तिच्यासमोर काय बोलावं तेच कळत नाही. हे प्रेमात पडणं द्यू मोरियेने इतकं सावकाश आणि खरं लिहिलंय की आपणही पडतो आणि आपल्याला कळतही नाही. सस्पेन्सची खरी गंमत म्हणजे सगळी गोष्ट फिलिप सांगतो, रेचलच्या मनात काय चाललंय ते शेवटपर्यंत एका वाक्यानेही कळत नाही. ती त्याला वनस्पतींचा काढा करून देते आणि दर वेळी आपल्या पोटात गोळा येतो, की यात माया आहे का दुसरं काही. बागेत लॅबर्नमची झाडं आहेत, ज्यांच्या बिया खरोखरच विषारी असतात, बास, याच्यापुढे सांगत नाही. त्यात फिलिपला पंचविसावं लागलं की इस्टेट पूर्ण त्याच्या हातात येणार, म्हणजे तारीख जवळ येत राहते आणि आपला जीव टांगणीला. मी हे दोन रात्रींत संपवलं आणि लगेच पहिलं प्रकरण परत काढलं, कारण पहिल्या वाचनात तिथलं बरंचसं निसटलं होतं. पहिल्यांदा मला रेचल दोषी वाटली होती, दुसऱ्यांदा वाचताना फिलिपचाच राग आला.

'वुदरिंग हाइट्स'मध्ये क्रम उलटा आहे. प्रेम आधीपासून आहे आणि सूड त्याच्या पोटातून जन्मतो. हीथक्लिफ कॅथरिनचं बोलणं चोरून ऐकतो, याच्याशी लग्न करणं मला कमीपणाचं होईल इथपर्यंत ऐकतो आणि निघून जातो, त्यानंतर ती त्याच्यावर किती जीव आहे ते सांगते, ते ऐकायला तो तिथे नसतो. तीन वर्षांनी पैसा घेऊन परततो आणि दोन घराण्यांवर डूख धरतो. इथे गुन्हेगार कोण हा प्रश्नच नाही, सगळं उघड आहे, ताण एवढाच की हा माणूस अजून किती खाली जाणार. आणि तो जातो. कॅथरिनची नणंद इसाबेला, तिला पळवून नेतो त्याच रात्री तिच्या कुत्र्याला फास लावून टांगतो. म्हणून जखमी पण मनाने हळवा असा हिरो शोधत असाल तर हीथक्लिफ तो नाही, हे आधी माहीत असलेलं बरं, बरेच लोक याच अपेक्षेने घेतात आणि चिडतात.

एकूण ३४ प्रकरणं आणि सोळाव्यातच कॅथरिन जाते. पुष्कळ वाचक इथे थांबतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण अनपेक्षित प्रेम म्हणतात ते या पुस्तकात दुसऱ्या अर्ध्या भागात आहे, पुढच्या पिढीत. हीथक्लिफने ज्यांना बरबाद करायला एका छपराखाली आणलं, त्यातल्या एकाला वाचता येत नाही आणि दुसरी आधी त्याच्या अडखळत वाचण्याला हसते. त्या हसण्यापासून ती पुस्तकं दोघांमध्ये येईपर्यंतचा जो प्रवास आहे तो मला या तिन्ही कादंबऱ्यांतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. त्रास दोन गोष्टींचा होतो. नावांचा घोळ आहे, आई कॅथरिन, मुलगी कॅथरिन, लिंटन हे आडनाव आणि एका मुलाचं नावही लिंटन, तेव्हा कागदावर वंशावळ काढून पुस्तकातच ठेवा. दुसरं म्हणजे जोसेफ नावाचा म्हातारा नोकर, त्याची यॉर्कशरची बोली इंग्रजीत फार अवघड जाते, त्याची वाक्यं सुटली तरी गोष्ट सुटत नाही. आणि हे वाचताना एवढंच आठवा की एमिलीची ही एकुलती एक कादंबरी, एलिस बेल या टोपणनावाने आलेली, आणि वर्षभरात ती तिशीतच गेली.

'माँटे क्रिस्टो'बद्दल थोडक्यात बोलते, कारण प्रेम हा त्याचा कणा नाही. मार्से बंदर, १८१५ साल, एडमंड दांतेसला ऐन लग्नाच्या जेवणावरून पकडून नेतात, चौदा वर्षं शातो दीफच्या कोठडीत, मग सुटका, खजिना आणि सुटल्यावरही जवळजवळ दहा वर्षं थंड डोक्याने केलेली तयारी. सूड कसा रचला जातो हे पाहायचं असेल तर याला तोड नाही. शत्रूच्या घरी मेजवानीला जाऊन तो एक घासही खात नाही, कारण ज्याचं अन्न खाल्लं त्याच्याशी वैर धरता येत नाही, आणि जिच्याशी लग्न होणार होतं ती मर्सेदेस हे सगळं ओळखून त्याला फळं पुढे करत राहते. तेवढं एक प्रकरण अख्ख्या रोमँटिक कादंबरीइतकं भारी आहे. अनपेक्षित प्रेमही आहे, ज्या भल्या माणसाचं ऋण फेडायचं त्याचा मुलगा नेमका शत्रूच्या मुलीवर जीव लावून बसलेला, आणि तिथे काउंटचा, म्हणजे आता काउंट बनलेल्या दांतेसचा, सगळा हिशोब हलतो. पण त्याच्या स्वतःच्या वाट्याला येणारं हेदेचं प्रेम मला खटकतं, ती वयाने त्याच्यापेक्षा खूपच लहान आणि त्यानेच गुलाम म्हणून विकत घेतलेली, तिथे माझं मन रमत नाही.

तर संशय आणि प्रेम एकाच कपातून प्यायचं असेल, आणि उत्तर हातात न मिळता पुस्तक संपलं तरी चालणार असेल, तर रेचल. उत्तर पक्कं पाहिजे, खलनायकाला शिक्षा झालेली डोळ्यांनी बघायचीय, तर रेचल चिडवेल, काउंट घ्या. मन आधीच जड असेल तेव्हा 'वुदरिंग' नको, ते थोडं स्थिर असताना घ्यावं. तिन्ही वाचणार असाल तर रेचल, मग 'वुदरिंग', मग काउंट असा क्रम मी सांगेन, कारण काउंटला महिना सहज जातो. तो घेताना एक बघून घ्या, मूळ कादंबरी ११७ प्रकरणांची आहे, बाजारात छाटलेल्या आवृत्त्या खूप आहेत आणि कात्री बहुतेक वेळा मधल्या प्रेमाच्या धाग्यांवरच चालते, तेव्हा आधी अनुक्रमणिका उघडून प्रकरणं मोजा.