डायना 27 चे पार्ट: जर्मनीतून मागवायचे की पुण्यातच करून घ्यायचे?

आजोबांची डायना मॉडेल 27 एअर रायफल, तिचं प्रॉडक्शन कधीच बंद झालंय, आणि नेमका पिस्टनचा चामड्याचा वायसर अन् स्प्रिंग दोन्ही गेलं. बाहेरून पार्ट मागवले तर मापाची खात्री असते पण कुरियर, कस्टम्स, वाट बघणं आलंच, शिवाय जुन्या मॉडेलमध्ये मधेच बदल झालेत त्यामुळे फोटो बघून ऑर्डर देऊ नका, जुना पार्ट काढून व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) मोजा.

वायसर मात्र मी इथेच करून घेईन. साधी वाटीच असते ती, स्टोव्हच्या पंपात असते तशी. जाड चामडं भिजवून साच्यात दाबायचं, सुकलं की कडा कापायची आणि तेलात मुरवायचं, सिलिंडरमध्ये घट्ट पण न अडकता सरकला पाहिजे. ट्रिगरमधल्या 3 स्टीलच्या गोळ्यांपैकी एखादी हरवली तर बोहरी आळीत बेअरिंगवाल्याकडे विचारा.

स्प्रिंगचं तसं नाही हो. भोसरीत वळून मिळेल, पण तारेची जाडी किंवा हीट ट्रीटमेंट चुकली की ती दबून ढिली पडते नाहीतर तुटते. स्प्रिंग मी ओरिजिनलच घेतो, आणि बसवताना क्लॅम्प लावतोच, हाताने दाबून अजिबात नाही.