सांधेदुखीच्या चिनी वनौषधी कॅप्सूलविषयी

बडोद्यात रावपुऱ्यातील एका औषधांच्या दुकानातून मी सासूबाईंच्या संधिवातासाठी ही बाटली आणली. डायक्लोफेनॅकने त्यांच्या पोटात आग पडते, कारण दुखणे शमवताना ते औषध जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिनेही घटवते. त्यामुळे ‘पूर्णपणे नैसर्गिक, दुष्परिणाम नाहीत’ या लेबलवरील वाक्यावर मी विश्वास ठेवला.

यातील मुख्य घटक म्हणजे लेइगोंगतेंग या चिनी वेलीच्या मुळाचा अर्क. वेल निरुपयोगी मुळीच नाही. चीनमध्ये आमवाताच्या 207 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मेथोट्रेक्सेट या आमवातावरील नेहमीच्या औषधाच्या जोडीने या वेलीचे औषध घेणाऱ्यांना नुसते मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांपेक्षा अधिक गुण आला. परंतु तिच्यातून 1972 साली वेगळे काढलेले ट्रिप्टोलाइड हे द्रव्य पेशीतील जनुकांच्या प्रती काढण्याचे कामच रोखते. त्याने सूज उतरते, आणि त्याच सपाट्यात यकृत, मूत्रपिंडे, स्त्रियांची पाळी व पुरुषांचे शुक्राणू यांनाही इजा होऊ शकते. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा इतक्या जवळ असल्यामुळेच शांघायच्या संशोधकांनी त्या रेणूला एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जोडून त्याचे कमी विषारी रूप घडवले. ही चिकाटी मला फार मोलाची वाटते.

या बाटलीत त्या काळजीचा मागमूस नाही. लेबलवर अर्काचे वजन आहे, पण त्यात ट्रिप्टोलाइड किती, हे नाही. या मुळाची साल अधिक विषारी असते; ती काढली होती की नाही, तेही लिहिलेले नाही. आपल्याकडे वैद्य बिब्बासुद्धा शुद्ध केल्यावाचून पोटात देत नाहीत. मी स्वतः अनेक वर्षे औषध कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात काम केले असल्याने, प्रत्येक बॅचमधील मुख्य द्रव्य मोजल्याखेरीज माल बाहेर जाऊ देणे मला अक्षम्य वाटते.

सासूबाईंनी चार कॅप्सूल घेतल्यावर हे माझ्या ध्यानात आले. डॉक्टरांनी त्या तत्काळ बंद केल्या आणि यकृताची तपासणी करवली, कारण सासूबाईंना चालू असलेले मेथोट्रेक्सेटही यकृताला जड जाते. अहवाल सुदैवाने चांगला आला. ही कॅप्सूल मी कोणालाही सुचवणार नाही, आणि मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या जोडप्यांनी तर ती हातातही घेऊ नये. उत्पादकाकडे मी बॅच क्रमांक देऊन ट्रिप्टोलाइडचे प्रमाण लेखी मागितले आहे; ते कळल्यास येथे नोंदवेन.