ड्रॅक्युला डेली : वेळापत्रक पुस्तकानेच आखलेलं

मोठ्या उत्साहात सुरू झालेले आणि महिन्याभरात मुके पडलेले वाचनगट मी बरेच पाहिलेत. गाडी अडते ती ठरलेल्या जागी. कुणीतरी हौसेने तक्ता करतं, आठवड्याला ऐंशी पानं असं काहीतरी ठरतं. एक जण पुढे पळतो, दोघं मागे राहतात, मागे राहिलेल्यांना गटात तोंड दाखवायची लाज वाटायला लागते आणि तक्ता करणारी व्यक्ती वसुली अधिकारी होऊन बसते. मी अकाउंट्समध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या मागे लागून बिलं मागायची आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा पानं मागायची, एवढी वाचनाची आवड मला नाही.

म्हणून ‘ड्रॅक्युला डेली’. ही एक मोफत ईमेल सेवा आहे. मॅट कर्कलंड नावाच्या माणसाने २०२१ मध्ये ती सुरू केली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात टम्बलर या समाजमाध्यमावर तिचा अक्षरशः बोलबाला झाला. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही १८९७ ची कादंबरी डायऱ्या, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रातली कात्रणं यांची मिळून बनलेली आहे, आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीवर तारीख आहे. सुरुवात ३ मेला, शेवट नोव्हेंबरात. कर्कलंडने केलं ते एवढंच : ज्या तारखेची नोंद, त्या तारखेला ईमेल. स्टोकरचं निधन १९१२ साली झालं, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही. नाव नोंदवायचं, ३ मेची वाट बघायची. ज्या दिवशी कादंबरीत काही घडत नाही त्या दिवशी तुम्हालाही सुट्टी.

आमच्या गटात मी, माझी निवृत्त मावशी, वहिनी आणि कॉलेजात जाणारा भाचा. वेगाने वाचणारी एकटी मावशीच. भाच्याला व्हॅम्पायर माहीत होते ते व्हिडिओ गेम्समधून. वहिनीने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, ‘मी झोपेन, मला उठवू नका.’ या चौघांना एका तक्त्यात बसवणं माझ्या बापाला जमलं नसतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात कुणालाच विशेष काही वाटलं नाही. जोनाथन हार्कर हा इंग्लंडमधला तरुण वकील घराच्या व्यवहाराची कागदपत्रं घेऊन ट्रान्सिल्वेनियाला निघालाय, वाटेत जेवणाच्या पाककृती टिपून घेतोय, आगगाड्या वेळेवर नाहीत म्हणून कुरकुरतोय. मग ८ मेची नोंद आली. हार्कर दाढी करतोय, किल्ल्याचा मालक काउंट ड्रॅक्युला मागे येऊन उभा राहतो, खांद्यावर हात ठेवतो, आणि आरशात मात्र हार्कर एकटाच. दचकून वस्तरा लागतो, हनुवटीवरून रक्त ओघळतं. रक्त पाहून काउंटचे डोळे पेटतात, आणि पुढच्याच क्षणी तो आरसा उचलून खिडकीबाहेर भिरकावून देतो. त्यावर हार्कर काय लिहितो? मोठी पंचाईत झाली, आता दाढी कशी करायची! घड्याळाच्या झाकणात बघून, नाहीतर दाढीच्या धातूच्या भांड्याच्या तळात बघून. भाच्याने गटात लिहिलं, ‘याला अजून दाढीचीच पडलीय.’ वहिनी त्या रात्री जागी झाली ती झालीच. एवढ्या विनोदी जागा या पुस्तकात आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच नोंदीच्या शेवटी हार्करला कळून चुकतं की हा किल्ला म्हणजे तुरुंग आहे आणि आपण कैदी. आणि दुसऱ्या दिवशी, ९ मेला, मिनाचं पत्र येतं. मिना म्हणजे त्याची वाग्दत्त वधू. ती मैत्रिणीला, लूसीला, लिहितेय : जोनाथनच्या घाईघाईतल्या चार ओळी आल्यात, तो मजेत आहे, आठवडाभरात परत येईल. छापील पुस्तकात हे पत्र पाचव्या प्रकरणात आहे, म्हणजे किल्ल्यातलं सगळं रामायण वाचून झाल्यावर. तारखेप्रमाणे वाचताना ते आरशाच्या प्रसंगानंतर चोवीस तासांत अंगावर येतं. मावशीने आमच्या सगळ्यांच्या आधी ‘ड्रॅक्युला’ कधीतरी वाचलेली होती. तिचा फक्त एक मेसेज आला : ‘हे मला तेव्हा दिसलंच नव्हतं.’

माझ्या दृष्टीने सेवेची खरी किंमत त्याहून पुढे, १९ मेला कळते. काउंट हार्करला तीन पत्रं आगाऊ लिहायला लावतो : काम संपत आलंय, उद्या निघतोय, निघालोय. त्यांवर तारखा घालायला सांगतो १२ जून, १९ जून आणि २९ जून. हार्कर समजतो की आपल्या आयुष्याची मुदत ठरली. आता हे एका बैठकीत वाचलं तर दहा-बारा पानांत २९ जून येऊन जातो. आम्हाला तो यायला सहा आठवडे लागणार होते. मी ऑफिसच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर २९ जूनला पेन्सिलने गोल केला. शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, ‘रिटर्नची तारीख आहे का?’ मी हो म्हटलं, कोण समजावत बसणार!

वेळापत्रकाचा ताण न येण्याचं गुपित यातच आहे असं माझं मत झालंय. तक्त्यातली तारीख बाहेरून लादलेली असते, म्हणून ती चुकली की थकबाकी वाटते. इथे तारीख गोष्टीच्या आतली आहे. ती कुणी मागत नाही, तुम्हीच तिची वाट बघता. शिवाय या पुस्तकाला गप्प कसं बसायचं ते येतं. ३१ मेनंतर हार्करची नोंद येते ती थेट १७ जूनला. मधल्या दिवसांत डॉक्टर सिवर्डच्या वेड्यांच्या इस्पितळातला रेनफिल्ड माशा गोळा करतोय एवढंच कळतं. (या रेनफिल्डच्या नोंदी हप्त्याहप्त्याने वाचाव्यात. आधी माशा, मग कोळी, मग चिमण्या, मग तो मांजराचं पिल्लू मागतो. सलग वाचताना हे किळसवाणं वाटतं, आठवड्यांच्या अंतराने आलं की एखाद्या शेजाऱ्याच्या तब्येतीची खबर घेतल्यासारखं वाटतं.) हार्कर जिवंत आहे का, हा प्रश्न त्या काळात आमच्या गटात कुणी ना कुणी रोज टाकायचं. वाचायला काही नसताना गट बोलत होता, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि काही दिवस तर फारच दिलदार. २६ मेला अख्ख्या दिवसाचं वाचन म्हणजे दोन ओळींची एक तार. वहिनी म्हणाली, असाच अभ्यासक्रम शाळेत असता तर मी पहिली आले असते.

आता ज्या गोष्टी मला खटकल्या त्या. पहिली रचनेची. स्टोकरने पहिली चारही प्रकरणं फक्त हार्करच्या डायरीला दिली आहेत. त्याच्यासोबत आपणही किल्ल्यात कोंडलेले असतो, बाहेरचं काही दिसत नाही, आणि ३० जूनच्या नोंदीवर तो दरवाजा आपल्या तोंडावर बंद होतो. तारखेप्रमाणे मांडलं की मध्येच इंग्लंडमधली हवा येते. लूसीला एका दिवसात तिघांनी लग्नाची मागणी घातल्याचं लांबलचक, गोड पत्र २४ मेचं, म्हणजे १९ मेला काउंटने लिहून घेतलेली ती तीन पत्रं आणि २८ मेची हार्करची धडपड यांच्या मधोमध. गंमत येते, पण कोंडमारा जातो. कर्कलंडच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. कादंबरीतच पुढे मिना टाइपरायटर घेऊन बसते आणि सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं तारखेच्या क्रमाने लावून काढते. तेव्हा ही मांडणी पुस्तकाच्या स्वभावाबाहेरची आहे असं कुणी म्हणू नये. तरीही माझा सल्ला : संपल्यानंतर पहिली चार प्रकरणं एकदा सलग वाचाच. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर पूर्ण पुस्तक मोफत आहे.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती आपल्यासारख्या वाचकांना जास्त जाणवते. बहुतेक इंग्रजी सरळ आहे. हार्कर, मिना, सिवर्ड सगळे स्वच्छ लिहितात. पण २४ जुलैला मिना इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी या गावी पोचते आणि तिथल्या टेकडीवरच्या दफनभूमीत मिस्टर स्वेल्स नावाचा म्हातारा भेटतो. स्टोकरने त्याची यॉर्कशरची बोली जशीच्या तशी लिहिलीय. पहिल्या परिच्छेदातच मी गारद. ईमेलमध्ये मजकूर येतो तसा येतो, टिपा नाहीत, अर्थ नाहीत. मावशीने यावर उपाय काढला. तिने तो उतारा मोठ्याने वाचून व्हॉइस नोट पाठवली, म्हाताऱ्याचा खर्जातला आवाज काढून. डोळ्यांना न समजलेलं कानाला समजलं. हे म्हातारबुवा काय म्हणतायत, तर थडग्यांच्या दगडांवर कोरलेलं बहुतेक खोटं आहे, निम्म्या थडग्यांत माणूसच नाही, सगळे समुद्रात बुडालेत. इतकं छान बोलणारा माणूस मी अवघड म्हणून ओलांडून जाणार होते. तेव्हापासून व्हॅन हेल्सिंग या डच प्राध्यापकाच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीचं खातंही मावशीकडेच गेलं.

तिसरी गोष्ट मात्र गंभीर आहे आणि ती आधी माहीत असलेली बरी. हे पुस्तक शेवटाकडे पिसाटतं. सप्टेंबरच्या अखेरीस एकेका तारखेच्या नोंदी प्रकरणभर होतात, आणि ३ ऑक्टोबरला तर जवळजवळ तीन प्रकरणांचा ऐवज आहे. मेमध्ये दहा मिनिटांत चहाच्या कपाबरोबर संपणारं वाचन इथे दोन तास मागतं. नेमकं त्याच सुमारास माझं सहामाही क्लोजिंग. ज्यांचे वाचनगट फुटायचे असतील ते इथे फुटतील.

आमचा का टिकला? आम्ही ऑगस्टमध्येच पुढच्या नोंदींची लांबी बघून ठेवली होती आणि ठरवलं की ३० सप्टेंबरपासून तारखेला बांधून घ्यायचं नाही. ३ ऑक्टोबर आम्ही आठवडाभर वाचला. तोपर्यंत गोष्टीने मान इतकी पकडलेली असते की चार दिवस मागे असलात तरी काही बिघडत नाही. बाकी नियम म्हणावेत असे दोनच. ‘कुठवर आलात?’ हे विचारायला बंदी. आणि जो मागे पडेल त्याने मागचं वाचत बसायचं नाही, भाच्याकडून तीन वाक्यांत कथा ऐकायची आणि आजच्या ईमेलपासून सुरू करायचं. भाच्याची तीन वाक्यं मूळ नोंदीपेक्षा रंगतदार असायची हा भाग वेगळा. त्याच्या लेखी लूसीचे तिन्ही उमेदवार ‘एक डॉक्टर, एक काउबॉय आणि एक श्रीमंत’ एवढेच होते, आणि खरं सांगायचं तर महिनाभर मलाही तेवढंच पुरलं.

हीच युक्ती दुसऱ्या क्लासिकला लावता येईल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’ची ३६१ प्रकरणं आहेत, म्हणून रोज एक प्रकरण धरून ती वर्षभरात वाचणारे गट जगभर आहेत. ‘मोबी डिक’ची १३५ प्रकरणं. काही जेमतेम पानभराची, काही दमवणारी. ही विभागणी चांगलीच आहे, पण तिथे १४ मार्चला ते प्रकरण का वाचायचं याला कादंबरीकडे उत्तर नाही, म्हणून पुन्हा कुणीतरी वसुलीला बसावं लागतं. तारखा पोटात घेऊन येणारं पुस्तक मिळालं तर त्याच्यासारखं सुख नाही. पत्रं आणि डायऱ्यांच्या कादंबऱ्या म्हणूनच आधी शोधाव्यात.

कुणी घेऊ नये? ज्यांना एकदा बसलं की शेवट गाठल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी. सहा महिने हप्त्याने वाचणं त्यांना छळ वाटेल, आणि ते पुढचं वाचून गटात इशारे देत सुटतील. भीतीदायक काहीच नको असलेल्यांनीही जपून, कारण १२ मेला काउंट किल्ल्याच्या भिंतीवरून डोकं खाली करून सरपटत उतरतो ते झोपायच्या वेळी वाचायचं नाही. बाकी ज्यांच्याकडे इंग्रजी बऱ्यापैकी आहे, वेळ तुकड्यातुकड्यांत आहे आणि एकमेकांना टोमणे मारणारी तीन-चार माणसं आहेत, त्यांनी डोळे झाकून नाव नोंदवावं.

नोंदणी ३ मेच्या आधी केलेली उत्तम. उशीर झालाच तर मागच्या नोंदी वेबसाइटवर असतातच, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हार्कर गप्प असतो तेवढा वेळ त्या वाचून काढायला पुरतो.