लाइट गेली तरी यादी राहिली पाहिजे : फाइली उतरवणाऱ्या आरिया-टूचे सात महिने

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दहा-दहा वर्षांचे लॅपटॉप घेऊन लोक येतात आणि "नवीन घेणं होत नाही, ह्यालाच काय ते करा" म्हणतात. मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टम टाकून देतो. मिंटची फाइल ३ जीबीच्या आसपास, तिच्यासारख्याच उबुंटूची ६ जीबीच्या घरात, वर ड्रायव्हर आणि लिब्रेऑफिस. हे सगळं ब्राउझरमधून उतरवायचं म्हणजे दुकानातला एक पीसी दिवसभर अडकून पडायचा. म्हणून जूनमध्ये ठरवलं, की जुन्या रास्पबेरी पाय ४ ला (तळहाताएवढा कॉम्प्युटर) हार्ड डिस्क जोडायची आणि डाउनलोडचं काम त्याच्यावर सोपवायचं. अट एकच होती : सॉफ्टवेअर ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला) हवं आणि आपल्याच मशीनवर चालायला हवं.

सुरुवात जेडाउनलोडर ह्या डाउनलोडच्या सॉफ्टवेअरने केली. कॅप्चा सोडवायला आणि फाइल-होस्टच्या लिंक ओढायला त्याला तोड नाही, हे मान्य. पण ते जावावर चालतं, पायची बरीच मेमरी खातं, पूर्णपणे ओपन सोर्स म्हणावं असंही नाही, आणि लांबून चालवायचं तर त्यांच्या सर्व्हरमार्फत जावं लागतं. मग पायलोड नावाचं तसंच दुसरं सॉफ्टवेअर लावून बघितलं. ते दिसायला नीटनेटकं होतं, मला आवडलंही. पण २०२३ च्या सुरुवातीला त्यात लॉगिन न करताच बाहेरच्याला कोड चालवता येईल अशी खोट उघड झाली होती. ती दुरुस्त झाली, तरी अशा गोष्टींवर नजर ठेवत बसायला मला दुकानातून वेळ नाही. त्यात मूळ पासवर्डही 'पायलोड'च. तो न बदलणारे किती असतील, देव जाणे.

शेवटी आरिया-टू ठेवलं. त्याला स्वतःचा चेहरा नाही, ते मागे गुपचूप चालतं. समोर आरिया-एनजी नावाचं वेबपान लावलं की मोबाइलवरून लिंक टाकता येते. एचटीटीपी, एफटीपी, टॉरेंट, मेटालिंक, फाइल उतरवायच्या ह्या पद्धती सगळ्या एकाच ठिकाणी. एकाच फाइलचे दोन मिरर (तीच फाइल ठेवणारे वेगळे सर्व्हर) दिले तर दोन्हीकडून तुकडे आणून जोडतं. एका सर्व्हरला जास्तीत जास्त १६ जोडण्या करता येतात, मूळ सेटिंग मात्र १ चं आहे. पोरं लगेच १६ करतात. माझं म्हणणं, ४ बास. लाइन आहे तेवढीच राहते, आणि फुकट सेवा देणाऱ्या मिररवर कशाला तुटून पडायचं?

आता खरी गोष्ट. जुलैत पावसाने जोर धरला, पंचगंगा चढायला लागली आणि लाइटचं येणं-जाणं सुरू झालं. एका रात्री अकरा फाइली यादीत लावून घरी गेलो. सकाळी दुकानातल्या पोराने पान उघडलं. "दादा, हितं कायच न्हाई की!" यादी कोरी. डिस्कवर अर्धवट फाइली मात्र जशाच्या तशा, प्रत्येकीशेजारी तिची हिशेबाची '.आरिया२' फाइल. असं का झालं ते शोधायला अख्खी दुपार गेली. प्रत्येक फाइल किती उतरली याची नोंद आरिया-टू दर ६० सेकंदांनी आपणहून ठेवतं. पण कायकाय उतरवायचं आहे ती यादी, सेव्ह-सेशन ही यादी जपायची सेटिंग चालू केली असली तरी, फक्त नीट बंद होताना लिहितं, कारण सेव्ह-सेशन-इंटरव्हल, म्हणजे दर किती सेकंदांनी लिहायचं तो आकडा, मुळात शून्य असतं. लाइट जाते तेव्हा नीट बंद कोण होतंय? ते ६० केलं, सुरू होताना त्या यादीचीच फाइल (सेशन फाइल) इनपुट म्हणून वाचायला सांगितलं, आणि प्रश्न मिटला. एक सांगतो, ती सेशन फाइल पहिल्यांदा हाताने कोरी करून ठेवा, नाहीतर आरिया-टू सुरूच होणार नाही. मी त्यावर अर्धा तास डोकं आपटलंय.

दुसरा दणका सप्टेंबरात बसला. लाइट आल्यावर पाय उठलं, पण हार्ड डिस्क जोडली गेली नाही. फोल्डरचं नाव तेच, म्हणून आरिया-टूने बिनधास्त मेमरी कार्डावर ओतायला सुरुवात केली. कार्ड गच्च भरलं आणि पाय हँग. चूक माझीच होती. आता सिस्टमडीला (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारा भाग) बजावून ठेवलंय, डिस्क जोडली गेल्याशिवाय ही सेवा उठवायची नाही.

सुरक्षेचं थोडक्यात : आरपीसीला, म्हणजे ज्या वाटेने आरिया-टूला हुकूम जातात तिला, गुप्त शब्द लावाच, आणि तिचं ६८०० नंबरचं पोर्ट राउटरवरून बाहेर उघडू नका. ज्याच्या हाती आरपीसी, तो फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये लिहायला सांगू शकतो. म्हणून आरिया-टूला वेगळा, बिनअधिकाराचा युजर दिलाय. घरून बघायचं तर टेलस्केल वापरतो, आपलीच मशीनं इंटरनेटवरून खासगीत जोडणारी सेवा. आमच्या फायबरवाल्याकडे स्वतंत्र आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) मिळत नाही, तरी ते चालतं.

दुकान उघडं असताना वेग आवळून धरायचा आणि रात्री मोकळा सोडायचा, हे क्रॉनच्या (ठरल्या वेळी काम करून घेणारी सोय) दोन ओळींत जमलं. फाइल पूर्ण झाली की एक स्क्रिप्ट तिचा शा-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढून ठेवते, तो मूळ साइटवरच्या आकड्याशी ताडून मगच पेनड्राइव्ह बनवतो. टॉरेंटला मात्र ही स्क्रिप्ट सीडिंग (उतरलेली फाइल इतरांना वाटणं) संपल्यावरच धावते. दोन दिवस वाटलं, बिघडलीच.

तक्रारी आहेत. आरिया-टूची १.३७.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, ते बनवणाऱ्यांच्या कामाचा वेग मंदच आहे. सेटिंगचा पसारा बघून नवखा माणूस घाबरतो. रोज शेकडो टॉरेंट सांभाळायचे असतील तर क्यूबिटटॉरेंट हे खास टॉरेंटचं सॉफ्टवेअर घ्या, उगाच हट्ट नको. माझ्यासारखं आठवड्याला पंधरा-वीस फाइलींचं काम असेल तर हे लई भारी आहे.

पुढच्या पावसाळ्याआधी एक छोटा यूपीएस घ्यायचाय. गल्लीत मिळतो तो राउटरचा, १२ व्होल्टचा. पायला लागतात ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर. दोन्ही देणारा कोणी वापरत असेल तर मॉडेल कळवा.