मखराच्या बाजारातून राजकन्येची खोली

‘प्रिन्सेस थीम’ असे नाव देऊन मॉलमध्ये आणि ऑनलाइन जे तयार सामान विकले जाते, त्याचा कच्चा माल पुण्याच्या रविवार पेठेत, म्हणजे बोहरी आळी आणि कापडगंज या पट्ट्यात, पुष्कळ कमी भावात मिळतो. तिथे तो गणपतीच्या आणि लग्नाच्या सजावटीचे साहित्य म्हणून विकला जातो, एवढाच फरक. सोनेरी झालर, मोत्यांच्या माळा, साटन, मखमल, जाळी, कृत्रिम फुले यांतले काहीही मुलांच्या खोलीसाठी म्हणून बनवलेले नसते, परंतु महालाची कल्पना आपल्याकडे मखरातच वर्षानुवर्षे रंगवली गेली असल्याने हे सामान त्या कामाला नेमके बसते. सहा वर्षांच्या लेकीची दहा बाय नऊ फुटांची खोली पाच हजार रुपयांच्या आत सजवायची, या हिशेबाने आम्ही या बाजारात खरेदी केली. पलंग आणि कपाट घरचेच असल्यामुळे ते या रकमेत धरलेले नाहीत.

या बाजाराची खरी श्रीमंती लेस आणि कापड यांत आहे. लेस येथे बहुधा नऊ मीटरच्या बंडलात मिळते आणि दुकानदार ती सहसा कापून देत नाहीत. सुरुवातीला हे अडचणीचे वाटते, पण खोलीभर एकच लेस वापरली की स्वस्त वस्तूंनाही एका हाताने केल्यासारखी सलगता येते, त्यामुळे पूर्ण बंडल घेणेच शहाणपणाचे आहे. आम्ही बोटभर रुंदीची, कमानीसारखी कड असलेली सोनेरी लेस घेतली आणि तीच पडद्याच्या खालच्या काठाला, उशीच्या अभ्र्यांना, आरशाच्या जुन्या चौकटीला आणि पुस्तकांच्या फळीच्या कडेला लावली. लेस निवडताना ती बोटांत धरून उलट्या बाजूने नखाने घासून पाहावी. हलक्या प्रतीच्या लेसचा सोनेरी मुलामा लगेच नखावर उतरतो, आणि अशी लेस मुलांच्या हाताखाली महिनाभरही टिकत नाही.

साटनाच्या बाबतीत थोडा विवेक हवा. राणी रंगाचे चमकदार साटन ताक्यावर पाहताना मोह होतो, आणि त्याची चादर शिवावी असे मुलीलाही वाटते. पण बाजारात स्वस्त मिळणारे साटन पॉलिएस्टरचे असते, ते घाम टिपत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यावर झोपणे ही शिक्षाच आहे. चादर सुती, साधी, फिकट गुलाबीच ठेवावी आणि साटन पलंगाच्या खालच्या बाजूने सोडायच्या चुणीदार झालरीसाठी वापरावे. या झालरीमुळे पलंगाखाली सरकवलेल्या ट्रंका आणि खेळण्यांचे खोके दिसेनासे होतात, हा लहान घरातला मोठा फायदा आहे. साटनाच्या कडा फार सुटतात, म्हणून शिंप्याकडे न जाता सरळ पिको-फॉलच्या दुकानात कडा करून घ्याव्यात. काम लवकर होते आणि पैसेही कमी पडतात.

आता मखराविषयी. राज्यात २०१८ साली प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आल्यानंतर पुठ्ठ्याची घडीची मखरे बाजारात मोठ्या प्रमाणावर दिसू लागली. त्यांतली तीन कमानींची मखरे, मागचा भाग तेवढा घेतला, तर पलंगाच्या डोक्याकडची बाजू म्हणून उत्तम शोभतात. आम्ही घेतलेल्या मखराच्या पुठ्ठ्यावर छापील नक्षी होती, ती डोळ्यांना बटबटीत वाटल्यामुळे त्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात देऊन फक्त कमानींच्या कडा सोनेरी ठेवल्या. पुठ्ठा दुहेरी पन्हाळीचा, म्हणजे आत नागमोडी कागदाचे दोन थर असलेला आहे ना, हे कडेवरून पाहून घ्यावे; एकेरी पुठ्ठा पावसाळी हवेत वाकतो. ‘देवाचे मखर खोलीला कसे लावता?’ असा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांकडून येण्याची शक्यता गृहीत धरावी. कोरे मखर म्हणजे पुठ्ठाच, हे आमच्याकडे चहाच्या एका कपात मान्य झाले.

राजकन्येच्या खोलीचे मुख्य आकर्षण म्हणजे पलंगावरचे जाळीचे छत, आणि नेमके तेच तयार घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ऑनलाइन मिळणारी गोल कड्याची जाळीची छते खोलीच्या छताला टांगण्यासाठी केलेली असतात, आणि आपल्या खोल्यांमध्ये तिथे पंखा असतो. पंख्याच्या वाऱ्याने हलकी जाळी फुगते, वर खेचली जाते आणि पात्यांत अडकण्याचा धोका राहतो. त्यावर उपाय म्हणजे जाळीचे छत भिंतीला लावणे. सुताराकडच्या उरलेल्या प्लायचा दीड फूट व्यासाचा अर्धगोल तुकडा कापून घेतला, तो एल आकाराच्या दोन पट्ट्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर पात्यांच्या पातळीच्या बराच खाली बसवला आणि त्याच्या गोल कडेला चुण्या घालत जाळी स्टेपल केली. सात मीटर जाळीत सात फूट लांबीचे तीन पट्टे निघतात आणि थोडी जाळी उरते. स्टेपलच्या पिना झाकायला वरून तीच सोनेरी लेस चिकटवली. कापडगंजात जाळी दोन प्रकारची मिळते, कडक आणि मऊ. झग्यांना फुगवटा देणारी कडक जाळी पडत नाही, उभी राहते आणि अंगाला टोचते. मच्छरदाणीसारखी मऊ जाळीच मागावी. मूल अगदी लहान, पाळण्याच्या वयाचे असेल, तर जाळी आणि दोऱ्या पलंगाजवळ आणूच नयेत.

दिव्यांच्या माळा याच परिसरात ढिगाने मिळतात. घराच्या प्लगमध्ये थेट घालायच्या स्वस्त माळा मुलीच्या पलंगाशी, तेही जाळीला लगटून लावणे धोक्याचे आहे, कारण जाळी पटकन पेट घेते. मोबाइलच्या चार्जरवर चालणारी पाच व्होल्टची माळ थोडी महाग पडते, तरी तीच घ्यावी, आणि तीही जाळीत न गुंफता मखराच्या कमानीवरून फिरवावी. बटणाएवढ्या सेलवर चालणारे दिवे मात्र पूर्ण टाळावेत. तो सेल मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकते.

रंगाचा खर्च एका भिंतीपुरता ठेवावा. नव्वद चौरस फुटांच्या भिंतीला दोन हातांसाठी दोन लिटर इमल्शन पुरते, आणि छटा दुकानातल्या यंत्रावर हवी तशी मिसळून मिळते. ती छटा गुलाबीच असावी असा आग्रह धरू नये; आम्ही फिकट पिस्ता निवडला, कारण मुलीची आवड दोन-तीन वर्षांत बदलणार आणि तेव्हा झालर उतरवता येईल, भिंत पुन्हा रंगवणे परवडणार नाही. भिंतीवर चिकटवायची महालांची, घोड्यांची चित्रे जुन्या डिस्टेंपरवर टिकत नाहीत, रंगाच्या पापुद्र्यासह सुटून येतात.

जवळच्याच तुळशीबागेच्या बाजारात शेवटच्या किरकोळ वस्तू घ्याव्यात, त्याआधी नव्हे. तेथे केसांच्या सामानात मोत्यांचे छोटे मुकुट मिळतात, ते आरशाच्या माथ्यावर छान बसतात, आणि पितळेची भातुकली फळीवर मांडली की कोणत्याही आयात केलेल्या खेळण्यापेक्षा शाही दिसते. तुळशीबागेत घासाघीस चालते. बोहरी आळीत घाऊक भाव असल्याने ती फारशी चालत नाही, पण एकाच दुकानात चार वस्तू घेतल्या तर शेवटच्या बिलात थोडी सूट मागायला हरकत नसते. कापलेले कापड आणि सोडलेले बंडल परत घेत नाहीत, हे दोन्हीकडे सारखेच.

खरेदी गणपतीच्या तोंडावर करू नये. त्या दिवसांत विविधता सर्वाधिक असते हे खरे, परंतु आळीत पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदाराला लेसचा रंग उजेडात दाखवायलाही सवड नसते. मखर हवे असेल तर तेवढ्यासाठी सण जवळ येण्याआधीच्या आठवड्यांत जावे, बाकीचे सामान वर्षभर मिळते. गाडी मात्र नेऊ नये. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मेट्रोचे मंडई स्थानक सुरू झाल्यापासून दोन्ही बाजार पायी अंतरावर आले आहेत, आणि मखराची घडी घेऊन दुचाकीवर बसण्यापेक्षा डब्यातून येणे सोपे जाते.