मागाच्या शेडमध्ये ‘टक्’ ऐकू येत नाही : बदलत्या दांड्यांचा इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर सेट, दहा महिन्यांनंतर

मे महिना, दुपारी दोनची वेळ, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. एका बाजूच्या मागांना सिंगल फेजिंग होत होतं, म्हणजे तीनपैकी एक फेज जात होता. पॅनल उघडलं तर एमसीबीचा (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) वरचा स्क्रू ढिला, वायरचं टोक काळं पडलेलं. स्क्रू आवळला, स्क्रू ड्रायव्हर मागे ओढला, आणि हातात नुसती मूठ आली. दांडी स्क्रूमध्येच अडकून राहिली, माझ्या छातीसमोर आडवी.

ज्यांच्याकडे असा सेट आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दांडीवर लाल इन्सुलेशन असतं ते मुठीच्या तोंडापर्यंतच. मुठीच्या आत जाणारं मागचं षटकोनी टोक उघडं पोलाद असतं. मूठ लागलेली असेल तोवर ते झाकलेलं. मूठ निघाली की तेच टोक फेजवर, बाहेर, हाताच्या उंचीवर. एमसीबीची वरची बाजू बसबारवर, म्हणजे पॅनलमधल्या मुख्य वीजपट्टीवर, चालू होती. मेन बंद केला तर सगळेच माग थांबतील असं मालक म्हणाले आणि मी चालू लाइनवर हात घातला. ही माझी चूक, आणि त्यानंतर ती मी केलेली नाही.

मी दोन पावलं मागे सरलो. मालक ओरडले, “अहो वायरमन, काय करायलाव?” मी हातानेच खूण केली, बाहेरचा मेन पाडायला लावला, मल्टीमीटरने तिन्ही फेज तपासले आणि मगच दांडी हाताने उपसली. दहा मिनिटं माग थांबले. आधीच थांबवले असते तरी दहाच मिनिटं गेली असती.

सेट कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही. कंपनीशी झालेलं भांडण बऱ्यापैकी मिटलंय, आणि मला जे सांगायचंय ते अशा कुठल्याही सेटला लागू आहे.

गेल्या खंडेनवमीला घेतला होता. एक मूठ, आठ दांड्या, गुंडाळायची कापडी थैली, सगळे मिळून ४,२०० रुपये. एवढे पैसे स्क्रू ड्रायव्हरवर घालवताना जीव वर-खाली झाला. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते अण्णा अजूनही टेस्टरनेच सगळे स्क्रू फिरवतात. टेस्टर बघण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही, हे मी त्यांना आदर राखून अनेकदा सांगितलं. त्याची दांडी बारीक, जोर लावला की आतला रेझिस्टर आणि निऑन दिवा हलतो, आणि मग लाइन चालू असूनही तो पेटत नाही. दुसरे काही जण साध्या स्क्रू ड्रायव्हरवर स्लीव्ह चढवतात किंवा टेप गुंडाळतात. टेप सुटते, तेल लागलं की सरकते. ते इन्सुलेशन नव्हे.

दोन त्रिकोणांची खूण आणि त्याखाली १००० व्होल्ट, एवढं तुम्ही ओळखताच. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ही हत्यारं १००० व्होल्ट एसी आणि १५०० व्होल्ट डीसीपर्यंतच्या कामाची. चांगली कंपनी प्रत्येक नग १०,००० व्होल्टवर तपासून बाहेर काढते. डीसीचा आकडा आपल्याकडे आता महत्त्वाचा झालाय. विजापूर रोड, होटगी रोडच्या बाजूला छपरांवर सोलर वाढलंय, आणि पॅनलांच्या एका माळेत डीसी व्होल्टेज कित्येक शेकड्यांत असतं.

दुकानात मात्र एक फसवा प्रकार मिळतो, तो ओळखा. मूठ लाल-पिवळी, तिच्यावर १००० व्होल्ट छापलेलं, आणि आत बसतात साधी उघडी बिट. त्यात फक्त मूठ इन्सुलेटेड आहे, स्क्रू ड्रायव्हर नाही. दांडीवर टोकापर्यंत इन्सुलेशन हवं, फक्त टोकाचा थोडा भाग उघडा, आणि प्रत्येक दांडीवर ती खूण हवी.

पहिले तीन महिने मी या सेटवर खूश होतो, आणि त्याचं कारण एकच दांडी. एमसीबी आणि कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा चुंबकी स्विच) यांचे स्क्रू तुम्ही नीट बघितलेत का? आपण सरसकट ‘स्टार’ म्हणतो, पण त्यातले बरेचसे पोझी असतात, म्हणजे पीझेड. फुलीच्या चार रेघांमध्ये आणखी चार बारीक रेघा दिसतात. त्यात साधा फिलिप्स, म्हणजे नुसत्या फुलीचा, घातला की बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की वर उचलला जातो. स्क्रूचं तोंड खराब होतं, आवळला असं वाटतं आणि आवळलेला नसतो. शिवाय एमसीबीच्या स्क्रूला एक चपटी खाचही असते. या सेटमध्ये त्या जोड-खाचेची दांडी आहे, पीझेड/एस २. ती घातली की स्क्रू हातातून सुटतच नाही.

मागाच्या कारखान्यात याला किती किंमत आहे ते इथल्या वायरमनलाच कळेल. अख्खी शेड दिवसरात्र हादरते. त्या हादऱ्याने स्क्रू ढिले होतात, ढिला स्क्रू तापतो, तापला की वायर जळते, एक फेज जातो आणि मोटार दोन फेजवर घुरघुरत जळते. पूर्व भागातल्या एका कारखान्यात मी डिसेंबरात सगळ्या स्टार्टरचे टर्मिनल या दांडीने पुन्हा आवळले. आधी महिन्यातून दोन-तीनदा बोलावणं यायचं, त्यानंतर मार्चपर्यंत एकदाही आलं नाही. माझा धंदा तेवढा बुडाला, पण त्या कारखान्याचं काम मला आजही समाधान देतं.

दांडी टोकाकडे बारीक केलेली आहे, हेही मोलाचं. जुन्या जाड इन्सुलेशनच्या स्क्रू ड्रायव्हरचा गळा एमसीबीच्या भोकाच्या तोंडाशीच अडायचा. लोक मग पुढचं इन्सुलेशन ब्लेडने तासून काढतात. मी स्वतः तसा तासलेला वापरलाय. तसं करू नका, बारीक गळ्याचा मागून घ्या.

जानेवारीत गड्ड्याच्या वेळी होम मैदानावर स्टॉलच्या वायरिंगचं काम होतं. तिथे तर सेटने कमाल केली. एका मुठीत चपटा, स्टार, पोझी सगळं, कमरेला एकच थैली. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

आता त्या मुठीकडे येतो, कारण माझ्या मते सगळा सेट तिथेच तरतो किंवा बुडतो. दांडी आत सारली की ‘टक्’ आवाज येतो, म्हणजे दांडी धरून ठेवणारी आतली गोळी खाचेत बसली. दुकानात तो आवाज छान येतो. घरात येतो. मागाच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, तिथे ‘टक्’ कुठून ऐकू येणार? मी हाताच्या सवयीवर चालत होतो. त्या दुपारी दांडी पूर्ण आत गेलेलीच नव्हती. मूठ आणि दांडीचा खांदा यांच्यात फट राहिली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि मला ती दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदाराने मूठ हातात घेतली, दांडी घातली, टक् वाजलं. “चांगला आहे की.” मी म्हटलं, आता ओढा. ओढली, निघाली नाही. पुन्हा घातली, ओढली, निघाली. पाचात दोनदा निघत होती. तरी उत्तर एकच, मुठीची झीज गॅरंटीत येत नाही, गॅरंटी दांड्यांना. कंपनीच्या फोनवरही तेच. मला राग आला तो इथे. दांडी मोडली तर शंभर रुपयांचं काम थांबतं. मुठीतून दांडी सुटली तर माणूस जातो. गॅरंटी नेमकी उलट्या बाजूला लावलेली आहे. मी भावाला उभं करून ओढून दाखवतानाचा व्हिडिओ काढला, बिलाचा फोटो जोडला आणि दर आठवड्याला कंपनीला पाठवत राहिलो.

मधल्या काळात एक गोष्ट घडली आणि माझं मत थोडं बदललं. जूनमध्ये एका रात्री मूठ उजेडात धरून आत बघितलं. लाकडी दातकोरणीने कोरलं तर आतून कापसाच्या तुसांचा गोळा निघाला, मागाच्या तेलात भिजून घट्ट झालेला. शेडमध्ये तुस सगळीकडे उडतं, मूठ थैलीत उघड्या तोंडाने पडलेली असते, आणि दांडी घालताना आपणच ते आत ठासतो. साफ केल्यावर वीसदा ओढून बघितलं, एकदाच निघाली. म्हणजे दोष पूर्ण मुठीचा नव्हता. हे मी कंपनीलाही कळवलं, कारण अर्धी गोष्ट सांगून नवीन मूठ घेणं मला पटलं नसतं. पण वीसात एकदा हेसुद्धा चालणार नाही, आणि मूठ साफ ठेवा असं कागदावर एका ओळीत तरी लिहायला हवं होतं, हेही कळवलं.

सहा आठवड्यांनी नवीन मूठ आली. तिची रचना वेगळी आहे. नुसत्या गोळीऐवजी बटण आहे, ते दाबल्याशिवाय दांडी निघत नाही. गेले दोन महिने एकदाही सुटलेली नाही. जुनी मूठ मी अर्धी कापून टाकली, कचऱ्यातून उचलून कुणी वापरू नये म्हणून. आता मुठीच्या तोंडाला रिकामी असताना रबरी टोपण लावतो, दर रविवारी कोरड्या ब्रशने आत झाडतो. पेट्रोल किंवा थिनर वापरत नाही, त्याने इन्सुलेशन मऊ पडतं. दांडी घातली की आवाजाची वाट न बघता फट बघतो आणि एकदा जोरात ओढतो. माझ्या हाताखालच्या पोरालाही तीच सवय लावलीय.

उन्हाळ्यात सेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. सोलापूरचा मे, त्यात बंद डिकी. मी ठेवला नव्हता, पण एका मित्राच्या दांडीचं इन्सुलेशन फुगलेलं मी पाहिलंय.

आणखी एक अनुभव, यात सेटची बाजू घेतो. जुलैत पॅनलच्या पत्र्याची धार लागून पोझी दांडीवर चर पडली. वरचा लाल थर फाटून आतला पिवळा दिसला. दोन रंगांचे थर त्यासाठीच असतात, पिवळा दिसला की ती दांडी वीजकामातून बाद. एकसंध स्क्रू ड्रायव्हर असता तर अख्खा टाकावा लागला असता, इथे एकच दांडी बदलायची, ३४० रुपये. हिशेब चांगला आहे. फक्त ती दांडी सोलापुरात कुणाकडे नव्हती, पुण्याहून मागवावी लागली, तीन आठवडे लागले. तेवढे दिवस मी दुसऱ्या कंपनीचा एकसंध पीझेड/एस २ वापरला, ४६० रुपयांना मिळाला.

आणि त्या तीन आठवड्यांत मला कळलं की आठ दांड्यांतल्या मी तीनच वापरतो. पोझी जोड-खाच, चपटा ४ मिलिमीटर, फिलिप्स २. बाकीच्या पाच अजून नव्या कोऱ्या आहेत. हे तिन्ही एकसंध घेतले तर साधारण १,३०० रुपयांत येतात, त्यांना मूठ सुटण्याची भीती नाही, तुस अडकण्याची नाही. ज्याचं काम मुख्यतः मागाच्या शेडमध्ये आहे त्याने तेच घ्यावेत. घरगुती वायरिंग, सोलर, ऑफिसचे पॅनल असं फिरतं काम असेल, थैली हलकी हवी असेल, तर सेट घ्या, पण बटणाच्या लॉकचा, आणि दुकानातच दांडी घालून दहादा ओढून बघा. दुकानदार कुरकुरला तरी ओढा.

सध्या माझ्या कमरेला एकसंध पोझी आणि चपटा आहे, सेट गाडीवरच्या पेटीत. पुण्याहून आलेली दांडी नव्या मुठीत घालून बघितली, फट राहिली नाही. जुनी, पिवळी दिसणारी दांडी मी फेकली नाही. नवीन पोरं कामाला आली की त्यांना ती दाखवतो.