हॉथॉर्न की करवंद : मुंबईतील काटेरी कुंपणाची निवड

इंग्लंडमधील शेतांच्या बांधांवर मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी लगडलेले हॉथॉर्नचे कुंपण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते आपल्या सोसायटीच्या आवारातही असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यातून हे झाड अत्यंत काटक असल्याचे वाचनात आले की हा मोह अधिकच बळावतो. परंतु तिकडे काटक म्हणजे बर्फ आणि गोठवणारी थंडी सोसणारे. मुंबईत कसोटी लागते ती दमट उकाड्याची आणि चार महिन्यांत कोसळणाऱ्या दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाची.

आधी ओळख. हॉथॉर्न (क्रॅटेगस मोनोजायना) सफरचंद-गुलाबाच्या कुळातील असून त्याची पाने एकाआड एक, खोलवर कातरलेली असतात व हिवाळ्यात गळतात. लाल फळात बहुधा एकच बी असते. करवंदाची (कॅरिसा कॅरांडस) पाने समोरासमोर, अखंड कडेची, चकचकीत आणि बारमाही हिरवी असतात. पान खुडताच पांढरा चीक येतो. हॉथॉर्नला चीक नसल्यामुळे ही खूण निर्णायक मानावी. ‘इंडियन हॉथॉर्न’ या नावाने मिळणारे झुडूप मात्र रॅफिओलेपिस या वेगळ्याच प्रजातीचे आहे. त्याला काटे नसतात, त्यामुळे कुंपणाच्या दृष्टीने ते बाद.

हॉथॉर्नची खरी अडचण थंडीची आहे. त्याच्या कठीण कवचाच्या बीला आधी ऊबदार ओल आणि नंतर कित्येक आठवडे सुमारे चार अंशांची थंडी मिळाल्याखेरीज कोंब फुटत नाही, आणि उघड्यावर पेरल्यास दीड वर्षही लागू शकते. बी फ्रिजमध्ये ठेवून हे साधता येईल, पण झाडाला दर हिवाळ्यात पुन्हा थंडी हवी असते, आणि झाड काही फ्रिजमध्ये ठेवता येत नाही. ज्यांचे हिमाचल किंवा काश्मीरकडे घर आहे, त्यांनी ते तिथे जरूर लावावे.

करवंद तर सह्याद्रीतलेच. ‘डोंगरची काळी मैना’ ही हाळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना त्याची चव सांगायला नको. पक्व फळातील बी लगेच पेरावे, कारण त्याची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही; ताजे बी दोन-तीन आठवड्यांत उगवते. पाऊस स्थिरावल्यावर दोन-अडीच फुटांवर रोपे लावल्यास काही वर्षांत कुत्रेही शिरणार नाही असे कुंपण तयार होते. ऊन भरपूर हवे. सोसायट्यांच्या आवारातील जमीन पुष्कळदा डेब्रिजच्या भरावाची असते. हलकी, मुरमाड माती करवंदाला चालते, पण मुळाशी पाणी साचणे चालत नाही, म्हणून तिथे वाफा उंच करावा. फुले फांद्यांच्या शेंड्यांवर येत असल्याने छाटणी फळे उतरल्यानंतरच करावी; दर महिन्याला कात्री चालवून भिंतीसारखे सरळ कुंपण राखण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी फळांची आशा सोडावी. मोठी फळे हवी असल्यास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बोल्ड’ या वाणाची चौकशी करावी.

दोष करवंदातही आहेत. त्याचे टोकदार, कधी दुभंगलेले काटे चांगलेच बोचतात, त्यामुळे मुलांच्या खेळण्याच्या जागेलगत किंवा अरुंद पायवाटेवर ते लावू नये, आणि छाटताना जाड हातमोजे घालावेत. शिवाय बारमाही पानांमुळे हॉथॉर्नसारखा ऋतूंचा पालट इथे दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारी पांढरी, जाईसारखी सुगंधी फुले आणि कच्च्या फळांचे लोणचे एवढ्यावर समाधान मानावे लागते.